उष्णता पंप : तापनजलाचे तापमान-नियंत्रण

उष्णता पंपावर चालणाऱ्या तापनव्यवस्थेत इमारतीतील नळ्यांतून फिरविल्या जाणाऱ्या पाण्याचे तापमान गरजेपुरते व शक्य तितके स्थिर राखणे, याला तापनजलाचे तापमान-नियंत्रण म्हणतात. थंड हवामानाच्या देशांत घरे उबदार ठेवण्यासाठी पूर्वी मुख्यतः कोळसा, खनिज तेल किंवा नैसर्गिक वायू जाळून पाणी तापवीत असत. यूरोपातील अनेक देशांत व जपानमध्ये या कामासाठी आता विजेवर चालणारे उष्णता पंप मोठ्या प्रमाणावर वापरले जातात. त्यांपैकी बहुसंख्य नव्या पंपांतील संपीडक (वायूचा दाब वाढविणारे यंत्र) बदलत्या वेगाने फिरू शकतो. वेग बदलता येतो म्हणून तापमान आपोआप स्थिर राहील, अशी समजूत सहज होते. परंतु ती पूर्णपणे खरी नाही. निर्माण होणारी उष्णता व इमारतीतून बाहेर जाणारी उष्णता यांचा मेळ बसला तरच पाण्याचे तापमान स्थिर राहते आणि हा मेळ केवळ नियंत्रकाच्या कौशल्यावर अवलंबून नसून यंत्राची निवड, पाण्याचा साठा व प्रवाहाचा वेग यांवरही अवलंबून असतो.

तत्त्व व रचना : उष्णता स्वभावतः अधिक तापमानाकडून कमी तापमानाकडे वाहते. तिला उलट दिशेने, म्हणजे बाहेरील थंड हवा, जमीन किंवा नदीचे पाणी यांतून घेऊन अधिक उबदार जागी नेण्यासाठी कार्य खर्च करावे लागते. हे काम उष्णता पंप करतो. प्रशीतक नावाचा सहज बाष्प होणारा द्रव बाष्पकात कमी दाबाखाली उकळतो व बाहेरील उष्णता शोषून घेतो. हे बाष्प संपीडकात दाबले गेल्याने त्याचे तापमान वाढते. पुढे संघनकात ते पुन्हा द्रवरूप होते व आपली उष्णता तापनजलाला देते. प्रसरण झडपेतून जाताना द्रवाचा दाब उतरतो आणि चक्र पूर्ण होते. घरगुती प्रशीतकपेटीत (फ्रिजमध्ये) हेच चक्र चालते; फरक इतकाच की, तेथे थंडावा उपयोगाचा असतो, तर येथे ऊब [⟶ प्रशीतन].

पंपाने दिलेली उष्णता व त्याने घेतलेली विद्युत् ऊर्जा यांच्या गुणोत्तरास कार्यगुणांक म्हणतात. ऊष्मागतिकीच्या नियमांनुसार याची कमाल मर्यादा दोन्ही बाजूंच्या तापमानांवरून ठरते. बाहेर ०° से. व पाणी ३५° से. असेल, तर ही मर्यादा सु. ८·८ येते, पाणी ५५° से. पर्यंत तापवावयाचे झाल्यास ती सु. ६ वर उतरते. प्रत्यक्ष यंत्रांचा कार्यगुणांक या मर्यादेच्या साधारणतः निम्मा किंवा त्याहून कमी असतो, परंतु उतरण्याचे प्रमाण तसेच राहते. स्थूलमानाने पाण्याचे तापमान १° ने कमी केल्यास विजेची सु. २ ते ३ टक्के बचत होते. म्हणून या व्यवस्थेत तापमान नुसते स्थिर असून भागत नाही. ते गरजेपेक्षा जास्तही असता कामा नये.

इतिहास : उष्णता एंजिनांच्या कार्यक्षमतेची मर्यादा फ्रेंच अभियंते सादी कार्नो यांनी १८२४ मध्ये मांडली. तीच क्रिया उलट चालवून इमारती तापविता किंवा थंड करता येतील, ही कल्पना विल्यम टॉमसन (पुढे लॉर्ड केल्व्हिन) यांनी १८५२ मध्ये सुचविली. टी. जी. एन. हॉल्डेन यांनी १९३० मध्ये ब्रिटनमध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात विजेपासून स्वस्त उष्णता मिळविण्याचा हा मार्ग आहे, असे प्रतिपादन केले. स्वित्झर्लंडमधील झुरिक येथील नगरभवनात १९३८ मध्ये लिमाट नदीच्या पाण्यातून उष्णता घेणारा पंप बसविण्यात आला. १९७३ च्या तेलसंकटानंतर यूरोपात या यंत्रांकडे पुन्हा लक्ष वेधले. मात्र त्या काळचे घरगुती पंप एकाच वेगाने फिरत. ते एकतर पूर्ण क्षमतेने चालत किंवा बंद राहत आणि त्यामुळे पाण्याचे तापमान सतत वरखाली होई.

१९८० नंतरच्या दशकाच्या आरंभी जपानमध्ये खोलीच्या वातानुकूलन यंत्रांसाठी इन्व्हर्टर वापरात आले. इन्व्हर्टर पुरवठ्यातील प्रत्यावर्ती (उलटसुलट दिशांनी वाहणाऱ्या) प्रवाहाचे प्रथम एकदिश प्रवाहात रूपांतर करतो व नंतर त्यापासून हव्या त्या कंप्रतेचा (दर सेकंदास होणाऱ्या आवर्तनांच्या संख्येचा) प्रवाह निर्माण करतो. कंप्रता बदलली की चलित्राचा वेग बदलतो व त्याबरोबर दर मिनिटास दाबल्या जाणाऱ्या बाष्पाचे प्रमाणही बदलते. भारतात आता अनेक घरांत दिसणारी ‘इन्व्हर्टर एसी’ याच प्रकारची आहे. पाणी तापविणाऱ्या उष्णता पंपांतही पुढे हीच योजना रूढ झाली.

लक्ष्य तापमान : पाण्याचे तापमान स्थिर ठेवावयाचे म्हणजे हिवाळाभर एकच आकडा धरून ठेवावयाचा, असा अर्थ नाही. घरातून बाहेर जाणारी उष्णता आतील व बाहेरील तापमानांतील फरकाच्या जवळजवळ प्रमाणात असते. त्यामुळे नियंत्रक बाहेरील तापमान मोजून त्यानुसार पाण्याचे लक्ष्य तापमान ठरवितो. या दोहोंमधील संबंध दाखविणाऱ्या आलेखास तापनवक्र म्हणतात.

मध्य यूरोपातील एखादे घर उदाहरणादाखल घेता येईल. बाहेर −१०° से. असताना आत २०° से. राखण्यास ६ किवॉ. उष्णता लागते, असे मानू. म्हणजे तापमानांतील दर अंश फरकामागे ०·२ किवॉ. या घराच्या फरशीखाली नळ्यांचे जाळे असून कडाक्याच्या थंडीत त्यांत ३५° से. तापमानाचे पाणी जाते व ३०° से. होऊन परत येते. बाहेर ५° से. झाले की उष्णतेची गरज निम्मी, म्हणजे ३ किवॉ. होते. प्रवाह तेवढाच ठेवल्यास आता सु. २७·५° से. तापमानाचे पाणी पुरते. म्हणजे या घरात बाहेरील तापमान २° ने चढले की पाण्याचे लक्ष्य तापमान १° ने उतरले पाहिजे. तापनवक्र गरजेपेक्षा उंच ठेवल्यास खोल्या अधिक तापतात, रहिवासी झडपा बंद करतात किंवा खिडक्या उघडतात आणि वीज वाया जाते. तो फार खाली ठेवल्यास घर गार राहते. म्हणून तापनवक्र योग्य ठेवणे ही नियंत्रणाची पहिली पायरी होय.

नियंत्रणाची पद्धत : नियंत्रक पुढे जाणाऱ्या पाण्याचे तापमान सतत मोजतो, लक्ष्याशी त्याची तुलना करतो व फरकानुसार संपीडकाचा वेग बदलतो. परिणाम मोजून तो कारणाकडे परत नेण्याच्या या क्रियेस पुनःप्रदाय म्हणतात. दुरुस्ती तीन प्रकारांनी ठरविली जाते : सध्या असलेल्या फरकाच्या प्रमाणात, साचत आलेल्या फरकाच्या बेरजेच्या प्रमाणात व फरक बदलण्याच्या वेगाच्या प्रमाणात. या तिहेरी नियंत्रणाचे गणिती विवेचन निकोलस मिनॉर्स्की यांनी १९२२ मध्ये जहाजांच्या सुकाणूसंदर्भात केले. असे नियंत्रक जुळविण्याचे व्यावहारिक नियम जॉन झिग्लर व नॅथॅनिएल निकोल्स यांनी १९४२ मध्ये दिले.

तापनजलाच्या बाबतीत मुख्य अडचण विलंबाची आहे. वरील घरात ६ किवॉ. उष्णता ५° च्या फरकाने वाहून नेण्यासाठी दर मिनिटास सु. १७ लि. पाणी फिरावे लागते. नळ्यांत एकूण १०० लि. पाणी असल्यास एका फेरीला सु. ६ मिनिटे लागतात. संपीडकाचा वेग वाढविल्यावर पाणी प्रथम थोडे तापते. परंतु ते पाणी फेरी पूर्ण करून अधिक उबदार होऊन परत आले की, त्याचे तापमान पुन्हा चढते. पहिल्या चढाने समाधान न झालेला उतावळा नियंत्रक तोवर वेग आणखी वाढवून बसलेला असतो. मग पाणी लक्ष्याच्या वर जाते, नियंत्रक वेग एकदम उतरवितो, पाणी लक्ष्याच्या खाली येते आणि असे हेलकावे चालूच राहतात. वेगातील झपाट्याच्या बदलांनी प्रसरण झडपेचेही काम बिघडते व न उकळलेला द्रव संपीडकात शिरण्याचा धोका निर्माण होतो. म्हणून येथे दुरुस्ती संथपणे करणे हिताचे ठरते. घराच्या भिंती व फरशी यांत उष्णतेचा मोठा साठा असल्याने पाण्यातील एकदोन अंशांचा तात्पुरता फरक रहिवाशांना जाणवतही नाही.

अनेक नियंत्रक यासाठी अंश-मिनिट हे माप वापरतात. पाणी लक्ष्यापेक्षा किती अंशांनी कमी आहे व किती मिनिटे तसे राहिले, यांचा गुणाकार साठवीत जातात. पाणी २० मिनिटे ३° ने किंवा १० मिनिटे ६° ने कमी राहिले, तर दोन्ही वेळा तूट ६० अंश-मिनिटे होते. तूट ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेल्यावरच यंत्र सुरू केले जाते व भरून निघाल्यावर बंद होते. क्षणिक चढउतारांऐवजी उष्णतेचा एकूण हिशेब पाहिला जातो, हा या पद्धतीचा गुण आहे.

किमान क्षमतेची मर्यादा : संपीडकाचा वेग हवा तितका कमी करता येत नाही. फार कमी वेगाला वंगणाचे तेल नीट फिरत नाही व भाग झिजतात. त्यामुळे प्रत्येक यंत्राला एक किमान उष्णताक्षमता असते. घराची गरज तिच्याहून कमी झाली की, यंत्र सर्वांत मंद चालत असूनही पाणी तापतच जाते व शेवटी यंत्र बंद करावे लागते. पाणी निवल्यावर ते पुन्हा सुरू होते. नियंत्रक कितीही कुशल असला, तरी या मर्यादेखाली केवळ वेग बदलून तापमान स्थिर राखणे त्याला शक्य नसते. हवेतून उष्णता घेणाऱ्या यंत्रांच्या बाबतीत अडचण आणखी वाढते. कारण बाहेर ऊब असताना त्याच वेगाला यंत्र अधिक उष्णता देते, म्हणजे गरज कमी असते नेमकी तेव्हाच किमान क्षमता जास्त असते.

वरील घरासाठी दोन यंत्रांची तुलना केल्यास हे स्पष्ट होते. सौम्य हवामानात पहिल्याची किमान क्षमता २ किवॉ., तर गरजेपेक्षा मोठ्या असलेल्या दुसऱ्याची ४ किवॉ. आहे, असे समजू. पहिले यंत्र बाहेर १०° से. होईपर्यंत अखंड चालू शकते. दुसऱ्याची मर्यादा ०° से. लाच येते. मध्य यूरोपातील हिवाळ्याचे पुष्कळसे दिवस शून्याच्या वरचेच असल्याने दुसरे यंत्र ऋतूचा बराच काळ बंद-चालू होत राहील. अशा घरात चलवेगी संपीडकासाठी दिलेल्या जादा किंमतीचा फायदा पुरेसा पदरात पडत नाही. ‘थोडे मोठे घेतलेले बरे’ हा खरेदीतील सर्वसामान्य विचार येथे तोट्याचा ठरतो.

वारंवार बंद-चालू होण्याचे दुष्परिणाम अनेक आहेत. सुरू झाल्यावर दाब व तापमाने स्थिरावण्यास काही मिनिटे लागतात व त्या अवधीत कार्यक्षमता कमी असते. प्रत्येक आरंभी वंगण पुरेसे पोचण्यापूर्वी भागांची झीज होते. दर वेळी पाणी लक्ष्याच्या वर चढत असल्याने कार्यगुणांक उतरतो. उलट मंद गतीने अखंड चालणाऱ्या यंत्रात उष्णता विनिमयकांचे (एका द्रायूतील उष्णता दुसऱ्यास देणाऱ्या साधनांचे) पृष्ठ भाराच्या मानाने मोठे ठरते, तापमानांतील फरक कमी पुरतो आणि कार्यगुणांक सुधारतो.

पाण्याचा साठा : किमान क्षमतेच्या खाली तापमान किती झपाट्याने चढेल हे जादा उष्णता व पाण्याचे प्रमाण यांवर अवलंबून असते. १ किग्रॅ. पाण्याचे तापमान १° ने वाढण्यास सु. ४·१९ किलोजूल उष्णता लागते. बाहेर १२° से. असताना वरील घराची गरज १·६ किवॉ. असते. पहिल्या यंत्राची जादा उष्णता ०·४ किवॉ. असल्याने १०० लि. पाण्याचे तापमान ५° ने चढण्यास सु. ८७ मिनिटे लागतात. दुसऱ्याच्या बाबतीत जादा उष्णता २·४ किवॉ. असून तेवढीच वाढ सु. १४·५ मिनिटांत होते. साठा केवळ ३० लि. असेल, तर दुसरे यंत्र साडेचार मिनिटांच्या आतच बंद पडेल. प्रत्यक्षात पाणी तापत जाते तसे ते खोल्यांना अधिक उष्णता देते, म्हणून हा अवधी काहीसा लांबतो; परंतु तुलनेचा निष्कर्ष तोच राहतो.

साठा वाढविण्यासाठी काही ठिकाणी संतुलन टाकी बसवितात. तिची जागा महत्त्वाची असते. टाकी परतीच्या नळात एकसर पद्धतीने जोडल्यास सर्व पाणी तिच्यातून जाते व पुढे जाणाऱ्या पाण्याचे तापमान बिघडत नाही. पंप व घर यांच्यामध्ये ती अनेकसर पद्धतीने जोडल्यास दोन्हीकडील प्रवाह सारखे असावे लागतात. घराकडील प्रवाह अधिक असेल, तर परतीचे निवलेले पाणी पुढे जाणाऱ्या पाण्यात मिसळते. मग खोल्यांना ३५° से. चे पाणी मिळावे म्हणून यंत्राला ते ३७° किंवा ३८° से. पर्यंत तापवावे लागते. तापमान मोजणारा संवेदक अशा टाकीच्या कोणत्या बाजूस आहे, यावरही नियंत्रकाला दिसणारे चित्र अवलंबून असते. कित्येकदा टाकी न बसविता सर्व खोल्यांच्या झडपा उघड्या ठेवणे हाच अधिक चांगला उपाय असतो. कारण त्यामुळे फरशीतील व नळ्यांतील सर्व साठा उपयोगात येतो. प्रत्येक खोलीत स्वतंत्र थर्मोस्टॅट बसवून झडपा वरचेवर बंद केल्यास फिरते पाणी कमी होते, यंत्राला उष्णता टाकण्यास जागा उरत नाही व ते बंद-चालू होऊ लागते.

अभिसरणाचा प्रवाह : पाणी फिरविणाऱ्या पंपाचा वेगही बदलता येतो. प्रवाह कायम ठेवल्यास भार कमी होताच जाणाऱ्या व परतणाऱ्या पाण्यांतील फरक आकुंचन पावतो, ६ किवॉ. ला तो ५° असेल, तर २ किवॉ. ला सु. १·७° होतो. फरक कायम ठेवावयाचा झाल्यास प्रवाह कमी करावा लागतो. त्याने पंपाची वीज वाचते, परंतु पाण्याची फेरी लांबते व नियंत्रणातील विलंब वाढतो. संपीडक व पंप या दोहोंचे वेग एकाच वेळी स्वतंत्रपणे बदलू दिल्यास त्यांच्या दुरुस्त्या एकमेकींना छेद देऊ शकतात. म्हणून सामान्यतः एकाची प्रतिक्रिया दुसऱ्यापेक्षा बरीच संथ ठेवतात.

अपरिहार्य व्यत्यय : बाहेरील हवा दमट व ०° से. च्या आसपास असताना बाष्पकावर हिम साचते व हवेचा मार्ग अडतो. ते वितळविण्यासाठी चार मार्गांच्या झडपेने चक्राची दिशा काही मिनिटे उलटविली जाते आणि उष्णता तापनजलातून घेतली जाते. ४ मिनिटे ६ किवॉ. या दराने उष्णता काढल्यास १०० लि. पाणी सु. ३·४° ने निवते, ३० लि. असल्यास सु. ११° ने निवते व नळ्या गोठण्याचे संकट उद्भवू शकते. पाण्याचा किमान साठा ठरविताना हा हिशेब करावा लागतो. हिम वितळल्यानंतरची तूट लगेच भरून काढण्यासाठी वेग कमाल करण्याऐवजी ती सावकाश भरू देणे श्रेयस्कर असते.

दुसरा व्यत्यय स्नानाच्या पाण्याचा होय. ते तापविताना यंत्र घराकडील मार्ग बंद करून ५०° से. किंवा त्याहून अधिक तापमानाला काम करते. परत घराकडे वळताना संघनकातील हे कढत पाणी एकदम फरशीत जाऊ नये, तसेच त्याच्या क्षणिक मोजमापावरून यंत्र बंद पडू नये, यासाठी नियंत्रकाला काही काळ थांबावे लागते. रात्री तापमान मुद्दाम उतरविण्याची जुनी सवयही येथे नेहमीच लाभदायक नसते. सकाळी घर झटपट तापविण्यासाठी यंत्राला वेगाने व अधिक तापमानाला चालावे लागते आणि रात्रीची बचत पुष्कळदा त्यातच खर्च होते.

भारतातील उपयोग : महाराष्ट्र व गोवा यांच्या हवामानात खोल्या तापविण्याची गरज फारशी नसते, तथापि हॉटेले, रुग्णालये, वसतिगृहे व काही कारखाने यांत पाणी तापविण्यासाठी उष्णता पंप वापरले जातात. तेथेही किमान क्षमता, पाण्याचा साठा व मागणी यांचा मेळ हाच मुख्य प्रश्न असतो. हिमालयातील थंड प्रदेशांत मात्र घरे तापविण्यासाठी या व्यवस्थेला प्रत्यक्ष वाव आहे.

सारांश, चलवेगी उष्णता पंपात तापमानाची स्थिरता पुष्कळशी यंत्र बसविण्यापूर्वीच ठरून जाते. घराची उष्णतेची गरज काळजीपूर्वक मोजणे, किमान क्षमता पाहून यंत्र निवडणे, पुरेसे पाणी सतत फिरते ठेवणे व तापनवक्र शक्य तितका खाली ठेवणे या चार गोष्टी साधल्या, तर नियंत्रकाला फारसे काम उरत नाही. त्या न साधल्यास उत्तम नियंत्रकही हतबल ठरतो. अशा व्यवस्थेत यंत्राचा आवाज क्वचितच बदलतो, पाणी जेमतेम कोमट असते आणि घर दिवसरात्र सारखे उबदार राहते.